आठव्या दिवसाचा प्रश्न : देवीची लस आणि दख्खनचे आईबाप

(१)
गेल्या हिवाळ्यात कोऱ्हाळे बुद्रुकातल्या आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. चुलतभावाची मुलगी अडीच महिन्यांची झाली होती आणि त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होते. दीड महिन्याच्या डोसानंतर तिने रात्रभर तापाने घर जागे ठेवले होते, आणि आता तर नाकही वाहत होते. वहिनी सासूला म्हणाली, "आत्या, या खेपेला राहू द्या. पुढच्या महिन्यात नेऊ." काकूंनी मान डोलावली. एवढ्यात भिंतीला टेकून बसलेली आजी म्हणाली, "पुढच्या खेपंचं माझ्याम्होरं काढू नगा."

आजी असे तोडून बोलत नाही. ती तसे का बोलली हे तिने संध्याकाळी सांगितले, आणि मी गेले काही महिने त्या एका वाक्याच्या मागे जुन्या अहवालांत आणि कायद्यांत हिंडतो आहे. आजचा धागा त्यातूनच निघाला. लढाया आणि तहांच्या धाग्यांना सरावलेल्या मित्रांनी थोडा धीर धरावा. येथे रणांगण आहे ते तान्ह्या मुलाच्या दंडाएवढे.

(२)
प्रथम शब्द. मराठीत या रोगाचे नाव आणि देवतेचे नाव एकच : देवी. आणि तेही आदरार्थी बहुवचनात. मुलाला देवी 'झाल्या' असे कमी, देवी 'आल्या' असे अधिक म्हटले जाई. आलेल्या पाहुणीचा मान राखावा तसे घर वागे. फोडणी बंद, तळण बंद, दारावर कडुनिंबाचा डहाळा, बाहेरच्यांना मज्जाव, घरात केस कापायचे नाहीत, मोठ्याने बोलायचे नाही. श्रावणातल्या शितळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवसाचे अन्न खाण्याची रीत आजही अनेक घरांत आहे.

यापुढे आलेल्या लशीलाही लोकांनी त्याच नावात सामावून घेतले. लस टोचण्याला 'देवी काढणे' किंवा 'देवी टोचणे' म्हणू लागले, गाईच्या आचळावरच्या फोडांपासून आलेली म्हणून तिला 'गोस्तन देवी' म्हटले, आणि टोचणारा झाला 'देवी डॉक्टर'. म्हणजे ज्या भाषेने लशीला नाकारले असे आपण समजतो, तिने तिला देवीचेच नाव दिले होते.

(३)
हे का सांगितले? कारण शालेय पुस्तकांतून आणि बऱ्याच धाग्यांतूनही ही कथा एकाच साच्यात येते : सरकारने लस आणली, अडाणी जनतेने देवीच्या कोपाच्या भीतीने ती नाकारली, मग हळूहळू शहाणपण आले. ही कथा मूळची वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या अहवालांतली आहे. दरवर्षी कमी टोचण्या झाल्या की वर उत्तर द्यावे लागे, आणि 'लोकांचे पूर्वग्रह' हे उत्तर सगळ्यांत स्वस्त होते.

देवतेची भीती नव्हती असे मी म्हणत नाही. पण त्या काळी लस नेमकी कशी टोचली जाई हे पाहिले, तर आईबापांचा नकार पुष्कळदा देवतेपाशी नव्हे, आठव्या दिवसापाशी येऊन थांबतो असे माझे मत झाले आहे. आठवा दिवस म्हणजे काय, ते पाहू.

(४)
१७९६ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने जेम्स फिप्स या मुलाला गोस्तन देवीची लस टोचली, आणि १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लस हिंदुस्थानात आणणे मात्र महाकठीण ठरले, कारण उन्हाळी समुद्रप्रवासात ती निकामी होई. अखेर ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा टप्प्यांनी मुंबईस पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीवर ती लागू पडली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण.

आता पुढचे नीट वाचा. आठवड्याभरात ॲनाच्या दंडावर जो फोड आला, त्यातला द्रव काढून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचण्यात आला. त्या मुलांच्या दंडांवरून पुढच्यांना. अशी मुलांची साखळी करत लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास येथवर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हडपसरला होळकर आणि पेशवे यांची लढाई झाली आणि डिसेंबरात वसईचा तह. तो इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच वर्षी एका मुलीच्या दंडावरून निघालेली ही साखळी मात्र कोणी शिकवत नाही.

(५)
या पद्धतीला 'दंडावरून दंडावर' असे म्हणता येईल. बाटली नाही, शीतपेटी नाही. लस साठवण्याचे एकमेव भरवशाचे भांडे म्हणजे जिवंत मूल.

काम असे चाले. टोचणारा एका मुलाच्या दंडावर बारीक चिरा पाडून द्रव भरतो. तीन-चार दिवसांत पुळी येते, ती भरते, आणि आठव्या दिवशी ती पिकलेली पण अजून स्वच्छ असते. त्या दिवशी टोचणारा परत येतो. लागू पडली की नाही ते पाहतो, आणि पुळी फोडून त्यातला द्रव रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलांच्या दंडांत भरतो. आठवडाभर उशीर झाला की पुळी सुकते आणि साखळी तुटते. तुटली की ताजी लस पुन्हा शहरातून आणायची.

आधी मुळात जुनी टोचणीही होती : खऱ्या देवीच्या फोडातला अंश निरोगी माणसाला टोचायचा, म्हणजे रोग सौम्य येतो आणि पुन्हा येत नाही. बंगालात तिचा प्रघात मोठा होता. तिचा धोका असा की टोचलेल्या माणसापासून खरी देवी पसरू शकत असे. गोस्तन देवीने तो धोका घालवला, पण तिने मुलाला भांडे बनवले.

(६)
१८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. प्रत्येक टोचणाऱ्याला ठराविक मुलूख, त्यावर पर्यवेक्षक, आणि पर्यवेक्षकाने गावोगाव जाऊन दंडावरचे वण तपासायचे. पुढे इतर प्रांतांनीही हा नमुना घेतला. दप्तरांत तिला 'मुंबई पद्धत' असेच नाव आहे. टोचणाऱ्याचा पगार तुटपुंजा, फिरती लांबची, आणि नोकरी टिकायची ती आकड्यांवर. मग काही टोचणारे आकडे घरबसल्या भरत, हेही दप्तरच सांगते.

फिरतीचा हंगाम थंडीचा. उन्हात लस टिकत नाही आणि पावसात भीमथडीच्या काळ्या रानातून वाट निघत नाही. बारामती आणि कोऱ्हाळ्याचा हा सारा टापू तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे.

(७)
आता त्या काळातल्या एखाद्या आईच्या जागी बसून पाहा. मी येथे कोणत्या एका घराची हकीकत सांगत नाही. पद्धत काय मागत होती तेवढेच मांडतो.

मार्गशीर्षातली सकाळ. चावडीवरून निरोप येतो की देवी डॉक्टर आला आहे. पाटील मुले गोळा करायला माणूस धाडतो. टोचणारा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर शेजारच्या गावचे एक मूल आणि त्याची आई असते. त्या मुलाच्या दंडावर पिकलेली पुळी आहे. ती फोडून तुमच्या मुलाला टोचायचे. ते मूल कोणाचे, कोणत्या घरचे, त्याला कोणते दुखणे आहे का, हे विचारण्याची सोय नाही. पुष्कळदा ते गरिबाघरचे असे, कारण चार पैशांच्या मोबदल्यात मूल घेऊन गावोगाव फिरायला तयार होणारी आई गरीबच असणार.

हे पहिल्या दिवशीचे. आठवा दिवस त्याहून अवघड. आता तुमच्याच मुलाची पाळी. त्याला ताप येऊन गेलेला आहे, दंड सुजून लाल झाला आहे, काखेत गाठ आली आहे. आणि टोचणारा परत येऊन म्हणतो, ही पुळी फोडू द्या, यातून आणखी पाच-दहा मुलांचे काम होईल. म्हणजे तुमच्या मुलाचा फायदा आधीच होऊन गेला. आता जी वेदना होणार ती दुसऱ्यांसाठी.

पहिल्या दिवशी तयार असलेले आईबाप आठव्या दिवशी मूल घेऊन नातलगांकडे निघून जात, दारे लावून घेत, मूल लपवत, ही तक्रार केवळ मुंबई इलाख्यातली नव्हे, हिंदुस्थानभरच्या अहवालांतली आहे. अधिकारी याला अज्ञान म्हणतात. मला तर यात फार ओळखीचा हिशेब दिसतो. आपल्या बाळाच्या जिवासाठी रडू सोसणारी आई दुसऱ्याच्या बाळासाठी आपल्या बाळाला रडवेलच, असे कोणी कसे गृहीत धरावे?

(८)
आक्षेप आणखी होते, आणि ते सारे एका तोलाचे नव्हते.

विटाळाचा आक्षेप होता. कोणत्या जातीच्या मुलाच्या दंडातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात जातो, हा प्रश्न वरच्या जातींना सर्वांत जास्त टोचे. याचा कळवळा येण्याचे कारण नाही. पण त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी : या आक्षेपामुळे साखळीचे ओझे पुन्हा ज्यांना 'नाही' म्हणता येत नसे त्यांच्याच मुलांच्या दंडांवर जाऊन पडत असे.

रोगाच्या संसर्गाचा आक्षेप होता, आणि तो खरा होता. १८६१ मध्ये इटलीतल्या रिवाल्ता गावी एका मुलाच्या दंडावरून टोचलेल्या कित्येक मुलांना उपदंश झाला, आणि त्यांच्यापासून काहींच्या आयांनाही. युरोपातल्या वैद्यकात यावर मोठी खळबळ उडाली. आपल्याकडची एखादी बाई 'कोणाचं काय अंगात घालताय' असे म्हणाली तर ती अंधश्रद्धा, आणि तोच प्रश्न वैद्यक परिषदेत विचारला तर ते शास्त्र. असे दुटप्पी माप आपण तरी वापरू नये.

सरकारवरचा अविश्वासही होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ. ज्या मुलखात कागदावर नाव चढले की काहीतरी जातेच, जमीन तरी नाहीतर बैल तरी, तेथे मुलाचे नाव लिहून त्याच्या दंडावर खूण करणारा सरकारी माणूस कोणत्या नजरेने पाहिला गेला असेल?

आणि एक साधे कारण. लशीचे संरक्षण जन्मभर पुरते असे जेन्नर समजत होता. ते तसे पुरत नाही. काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागते. लहानपणी टोचलेला माणूस तरुणपणी देवीने आजारी पडलेला गावाने पाहिला, की दहा अहवालांनी ते पुसता येत नसे.

(९)
हे केवळ आपल्याकडेच घडले असे समजणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. इंग्लंडने १८५३ साली मुलाला तीन महिन्यांच्या आत टोचणे सक्तीचे केले, १८६७ मध्ये दंडाची तरतूद कडक केली. परिणाम? १८८५ च्या मार्चमध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला. अखेर १८९८ मध्ये, सदसद्विवेकाला पटत नसेल तर आईबापांना सूट मागण्याची वाट संसदेने मोकळी केली. तेथे त्याला विवेक म्हटले. शब्दांची ही वाटणी लक्षात राहण्यासारखी आहे.

(१०)
आपल्याकडे सक्तीचा पहिला कायदा मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये झाला. मग १८८० चा हिंदुस्थानचा लसीकरण कायदा. त्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले होते सर सय्यद अहमद खान यांनी. अलीगढमुळे ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे हे काम फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

या कायद्याचे नववे कलम वाचताना मी बराच वेळ थांबलो. मूल सहा महिन्यांचे झाले आणि कायदा लागू असलेल्या ठिकाणी महिनाभर राहिले, की आईबापांनी त्याला टोचणाऱ्याकडे न्यावे किंवा टोचणाऱ्याला घरी बोलवावे. वरची वयोमर्यादा मुलग्यांसाठी चौदा वर्षे आणि मुलींसाठी आठ. आठ वर्षांपलीकडच्या मुलीचा दंड परक्या पुरुषाने धरणे घरोघर खपणार नाही, हे या फरकामागचे कारण असणार हे उघड आहे. एका वाक्यात केवढा समाज मावला आहे!

मात्र हा कायदा होता नगरपालिकांसाठी आणि छावण्यांसाठी, आणि तेथेही आपोआप लागू न होणारा. कोऱ्हाळ्यासारखे खेडे त्याच्या बाहेरच. मुंबई इलाख्याने १८९२ मध्ये जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा केला, तोही सरकार जो प्रदेश जाहीर करील तेवढ्यापुरता. म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ खेड्यातल्या आईबापांवर कायद्याची सक्ती नव्हतीच. होती ती पाटलाची भीड, टोचणाऱ्याचा तगादा आणि आपला निर्णय.

(११)
निर्णय टोचायचे की नाही एवढाच नव्हता. केव्हा, हाही होता. आणि येथे पंचांग समोर ठेवून पाहण्याजोगी गंमत आहे, अर्थात ज्यांचे मूल नाही त्यांनीच तिला गंमत म्हणावे.

टोचणारा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत फिरतो. कायद्यात आणि रिवाजात वय सहा महिने. उष्टावण साधारण त्याच सुमारास. मूल आषाढात जन्मले असेल तर पौषात सहा महिन्यांचे होते आणि टोचणारा गावात असतो. उत्तम. पण माघात जन्मलेले मूल श्रावणात सहा महिन्यांचे होते, तेव्हा टोचणारा नाही. कार्तिक उजाडेपर्यंत ते नऊ महिन्यांचे. आणि मार्गशीर्षात जन्मलेल्या मुलाचे काय? टोचणारा येतो तेव्हा ते महिना-दोन महिन्यांचे, फार कोवळे म्हणून आई नेत नाही. पुढची खेप वर्षाने.

आता देवीचा हंगाम पाहा. तिची साथ भडके ती वसंतात आणि उन्हाळ्यात, फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत. ते मार्गशीर्षातले मूल आपला पहिला उन्हाळा उघड्या अंगाने काढणार. न टोचलेल्यांत देवी आल्या की साधारण दहांतले तीन जात, तान्ह्यांत त्याहून अधिक. आणि वाचलेल्यांपैकी काहींचे डोळे जात. 'पुढच्या खेपेला' या दोन शब्दांत हा सगळा जुगार होता, आणि तो खेळल्याशिवाय आईला सुटका नव्हती, कारण दोन महिन्यांच्या बाळाच्या दंडावर चिरा पाडून घेणे हाही जुगारच.

(१२)
पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच काळात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आमच्या भागात आले, त्यामुळे स्थानिक इतिहास शोधणारे सगळे जण त्यातली पाटबंधाऱ्यांची पाने चाळतात. आरोग्याच्या प्रकरणात लसीकरणाचा एक लहान तक्ता आहे, तोही पाहावा. त्यात टोचलेल्यांची वाटणी लिंगानुसार आहे, धर्मानुसार आहे, आणि मग वयानुसार. वयाचे रकाने दोनच : एक वर्षाच्या आतले आणि एक वर्षावरचे.

तक्ता करणाऱ्याला कदाचित एवढेच हवे होते. पण वर मांडलेले पंचांग डोक्यात ठेवून तो वाचला, की दुसऱ्या रकान्यातले प्रत्येक मूल म्हणजे एकदा तरी पुढे ढकललेला निर्णय दिसू लागतो. तेथे ते मूल आहे म्हणजे ते मधला उन्हाळा वाचले. न वाचलेल्यांसाठी या तक्त्यात रकाना नाही.

(१३)
आठवा दिवस संपला तो उपदेशाने नव्हे, वासराने. मुलाच्या दंडाऐवजी वासराच्या पोटावर लस वाढवायची आणि तेथून घ्यायची, ही रीत युरोपात रुळत होती. मुंबईत १८७० च्या आगेमागे ती रुजवण्याचे प्रयत्न ज्यांनी केले त्यांत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अनंत चंद्रोबा हे नाव महत्त्वाचे आहे. आपल्या वैद्यकीय इतिहासात त्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी. वासराला त्रास होतो म्हणून हिंदूंकडून आक्षेप आलेच, पण दुसऱ्याच्या मुलाचा द्रव आणि स्वतःच्या मुलाची फोडलेली पुळी, या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या.

पुढे ग्लिसरिनमध्ये राखलेली लस आली आणि ती नळ्यांतून दूर पाठवता येऊ लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगावात इलाख्यासाठी लस बनवणारी संस्था उभी राहिली. बेळगावकर वाचकांनी आता हसू नये : टिळकवाडीतले ज्याला आपण 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतो, सीमाप्रश्नाच्या मेळाव्यांमुळे ज्याचे नाव मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येते, ते मैदान हेच. दख्खनमधल्या कित्येक आजी-आजोबांच्या दंडावरच्या वणाचा उगम तेथे आहे.

मागणी हळूहळू वाढली. लोकांचे देवीवरचे मन बदलले म्हणून वाढली, असे म्हणायला मी तयार नाही. शितळासप्तमी तशीच राहिली. पद्धत सोसण्याजोगी झाली.

(१४)
'शिकलेला घेतो, अडाणी नाकारतो' हा साचा मोडणारी एक घटना या धाग्यात यायलाच हवी, आणि ती एका मराठी घराची आहे.

तासगावचे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ते गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीताची जबाबदारी घेऊन राहिले. आश्रम भजनावलीचे संकलन त्यांचे. गांधीजींचा देवीच्या लशीला विरोध होता. १९१३ च्या सुमारास आरोग्यावर लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी तिला घाणेरडी आणि गाईवर जुलूम करणारी म्हणून धिक्कारले होते. १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया त्यांनी करवून घेतली, पण लशीबद्दलचे मत बदलले नाही.

१९३० च्या आरंभी, मिठाच्या सत्याग्रहाची तयारी चालू असतानाच, आश्रमात देवीची साथ आली. तीन मुले दगावली. त्यांतला एक पंडित खऱ्यांचा लहान मुलगा. लस घ्यायची असेल त्याने घ्यावी, अशी मोकळीक होती. पण ज्या घरात घरधन्याचे मत सर्वांना ठाऊक असते तेथे मोकळीक कितपत मोकळी असते? गांधीजींनाही या मृत्यूंनी हलवून सोडले. तरी आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही, आणि आश्रमातल्या आईबापांनीही.

१२ मार्च १९३० च्या पहाटे दांडीयात्रा निघाली. प्रस्थानाच्या वेळी भजन गायले पंडित खऱ्यांनी, आणि मग ते ७८ सहकाऱ्यांपैकी एक म्हणून चालू लागले. या प्रसंगाची वर्णने मी अनेकदा वाचली होती. गाणाऱ्याचे मूल नुकतेच गेले होते हे लक्षात आल्यावर ती पुन्हा वाचली.

येथे दंडावरून दंडावर काही नव्हते, उपदंशाचे भय नव्हते, सावकाराचे खत नव्हते. सुशिक्षित, संयमी, मुलांवर जीव असलेली माणसे होती. म्हणून मला वाटते की आईबापांच्या नकाराचे एकच कारण शोधणाऱ्या इतिहासकाराने ही घटना टेबलावर ठेवून बसावे. माझ्या आठव्या दिवसाच्या सिद्धांतालाही ती पुरती बसत नाही, हे मान्य करतो.

(१५)
आता आजी. स्वातंत्र्यानंतरची दोन-चार वर्षे. तिला नक्की साल सांगता येत नाही, पण ती तेव्हा सहा वर्षांची होती. गावात देवी डॉक्टर आला. तिच्या आईने तिला आधी कणगीत लपवले, पण तलाठ्याच्या बायकोने आत हाक मारली आणि आजीने ओ दिली. मग काय, हात धरून नेले. तेव्हा टोचायचे हत्यार म्हणजे कातडीवर टेकवून गर्रकन फिरवायची दातेरी चकती. तिचे दोन गोल वण आजीच्या डाव्या दंडावर आहेत. लहानपणी मी त्यांना रुपये म्हणायचो.

तिचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्याला सर्दी होती, छाती भरली होती. आई देवी डॉक्टरला म्हणाली, याला पुढच्या खेपेला. त्यानेही आग्रह केला नाही, वहीत काहीतरी लिहून तो पुढच्या वस्तीला गेला.

चैत्रात गावात देवी आल्या. फोडणी बंद झाली, दारावर निंब लागला. आजी भावाजवळच निजत असे. तिला काही झाले नाही. भाऊ गेला. "मला का न्हाई आली, आन त्याला का आली, ह्ये आयेला कळलं हुतं," आजी म्हणाली, "पर ती कुनाशी बोलली न्हाई." त्यानंतर झालेल्या तिन्ही मुलांना तिच्या आईने पहिल्याच खेपेला, कडेवर घेऊन, स्वतः नेले. शितळासप्तमीला चूलही कधी पेटवली नाही.

(१६)
देवीचा हिंदुस्थानातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला. १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर जन्मलेल्या आपल्या कोणाच्याच दंडावर तो वण नाही. आहे तो बीसीजीचा. 'केव्हा' हा प्रश्न मात्र गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे आणि मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा नेहमीच्या नऊ महिन्यांची वाट न पाहता साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देण्याचे ठरले होते.

(१७)
त्या दिवशी वहिनीने आजीला उलट काही विचारले नाही. संध्याकाळची गोष्ट तेव्हा तिने ऐकलेलीही नव्हती. थोडा वेळ बाळाचे नाक पुसत बसली, मग कार्ड शोधून अंगणवाडीत गेली. साध्या सर्दीने डोस पुढे ढकलायचे कारण नाही, असे नर्सबाईंनी पाहून सांगितले. मांडीला टोचले. रात्री ताप आलाच, तापाचे थेंब दिले, काकू आणि वहिनी आळीपाळीने जागल्या. आजी मांडीवरच्या सुजेला हात न लावता बाळाच्या तळपायावरून बोट फिरवत बसली होती.

कार्डावर साडेतीन महिन्यांच्या डोसाची तारीख लिहिलेली होती. वहिनीने ती दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोल करून ठेवली.